मुलँ येथील मांतँ यांचे घर : बंद ठेवणे म्हणजे जतन करणे नव्हे

वास्तुजतन म्हटले की किल्ले, देवळे आणि राजवाडेच डोळ्यांसमोर येतात. या टिपणात एका सुखवस्तू माणसाचे राहते घर पाहू. मध्य फ्रान्समधील मुलँ ही बूर्बाँ ड्यूकांची जुनी राजधानी. त्यांच्या गढीच्या अवशेषांवर लुई मांतँ या निपुत्रिक श्रीमंत गृहस्थाने १८९०च्या दशकात घर बांधले. १९०५ मध्ये तो वारला. शंभर वर्षांनी लोकांना एकोणिसाव्या शतकाअखेरच्या सधन नागरिकाचे घर पाहता यावे, अशी इच्छा त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवली होती. दुरुस्ती होऊन ते घर २०१० मध्ये खुले झाले.

या घराला 'काळाची कुपी' म्हणण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. कुपीत हवा शिरत नाही, घरात शिरते. वापर थांबला की चूल थंडावते, खिडक्या उघडत नाहीत, भिंतींतला ओलावा बाहेर पडत नाही. मग लाकडाला भुंगा आणि लोकरीला कसर लागते. इथेही नेमके हेच झाले, म्हणूनच उघडण्यापूर्वी इतके काम करावे लागले. उद्या तुम्ही एखादा जुना वाडा कुलूप लावून 'सुरक्षित' केल्याचा अहवाल लिहायला बसाल, तेव्हा हे आठवा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. काय टिकवायचे हे सहसा पुढची पिढी ठरवते. इथे मालकानेच ठरवले. म्हणजे आपण पाहतो ते त्याने स्वतःचे काढून ठेवलेले चित्र. सोनेरी नक्षीच्या चामड्याने मढवलेल्या भिंती त्याला दाखवायच्याच होत्या. पण झाडलोट करणाऱ्या, पाणी तापवणाऱ्या माणसांची बाजू त्या मृत्युपत्रात कोण मांडणार?

तरीही मी या घराच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण शोभेच्या वस्तू नाहीत. (पेंढा भरलेले, तलवारबाजी करणारे बेडूकही तिथे आहेत! कोणत्याही अभिरुचिसंपन्न समितीने ते आधी फेकले असते.) कारण आहे विजेची सोय आणि गरम पाण्याचे स्नानगृह. मालक सजावटीतून बढाई मारू शकतो. नळाची वाट मात्र पाणी जिथून येते तिथूनच जाते. अभियांत्रिकी शिकवणाऱ्या माणसाला असा पुरावा अधिक विश्वासाचा वाटतो, हा माझा पक्षपात समजा.

१९६४च्या व्हेनिस सनदेनुसार, जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. हा नियम पडद्यांना लावतो तितक्याच कडकपणे तारांना आणि नळांना लावायला हवा. जुनी तार आजच्या सुरक्षानियमात बसत नाही म्हणून ती उपटून टाकण्याची गरज नसते. तिचा प्रवाह तोडून ती जागेवरच ठेवता येते आणि नवी तार शेजारून, वेगळी ओळखू येईल अशी नेता येते.

अभ्यासासाठी : अशा कोणत्याही घराचा नकाशा घ्या आणि आधी नोकरांचा जिना शोधा. दिवाणखाना नंतर पाहा.