विग्रह करा

लेकीकडे नेदरलँड्सला गेलो आणि म्हातारपणी डच भाषेची पाटी हातात घेतली. शाळेत ‘समासाचा विग्रह करा’ म्हटलं की पोटात गोळा यायचा. इथं तर दुकानादुकानावर समास! शब्दाला शब्द चिकटवायचा आणि मध्ये फट म्हणून ठेवायची नाही, ही डच लेखनाची रीत.

एका पाटीवर मी ठणकावून वाचलं, ‘मासा-खेबेड’. म्हणजे सामुदायिक प्रार्थना. लेक हसून लोळायची बाकी! तिथं होतं ‘मासाझे-बेड’, मालिश करून घ्यायची खाट. लिहायची अक्षरं तीच. प्रार्थनेत जोर ‘मा’वर, मालिशीत ‘सा’वर. तसंच ‘फाल-कौल’ म्हणजे फसवा खड्डा. तोच शब्द ‘फाल्क-औल’ असा फोडला, तर ससाणा-घुबड! मी अर्थातच खड्ड्यात.

जोर सहसा पहिल्या शब्दावर, असं सांगतात. मग नगरभवनाच्या ‘स्टाटहौस’मध्ये तो शेवटी का बसतो? आणि ‘फोरकोमन’? ‘फोर’वर जोर दिला तर घडणे, ‘को’वर दिला तर टाळणे. अपघात घडायचा की टळायचा, ते ठसक्यावर!

घोटाळा होईल तिथं जोडरेघ घालायची, स्वरावर तिरकी रेघ द्यायची मुभा डच शुद्धलेखनात आहे. पण हात आखडता. घरच्यांना अंधारातही उंबरा ठाऊक असतो; ठेच लागते ती पाहुण्याला. दिवा मात्र घरच्यांनीच लावायचा असतो, नाही का?