मुखपृष्ठ समर्पक, मुद्रणदोष किरकोळ

रविवारच्या पुरवणीतले पुस्तक परीक्षण शेवटून वाचायला घ्यावे. मुखपृष्ठ समर्पक आहे, छपाई सुबक आहे, काही मुद्रणदोष टाळता आले असते, एकूण पुस्तक संग्राह्य. त्याच्या वरचा मजकूर म्हणजे अनुक्रमणिकेला क्रियापदे जोडलेली. मराठी परीक्षणात नाव न घेता का होईना, ज्याचे वाभाडे काढायला मुभा आहे असा एकच इसम उरला आहे, तो म्हणजे मुद्रितशोधक.

हे सगळे वर्षानुवर्षे मुकाट वाचत आलो. परवा मात्र डोंगरवाटांच्या एका मार्गदर्शिकेचे परीक्षण वाचले आणि राहवले नाही. परीक्षकाला भाषा ओघवती वाटली, निसर्गवर्णने चित्रदर्शी वाटली. पुस्तकातल्या वाटेने तो चालला होता की नाही, याबद्दल चकार शब्द नाही. आम्ही बदलापूरची माणसे. चंदेरीचा सुळका आम्हाला लोकलच्या खिडकीतून दिसतो. वांगणीला उतरून चिंचवलीमार्गे चंदेरीच्या घळीत शिरलेल्याला घसारा म्हणजे काय ते विचारा. तिथे पाय सुटला की लेखकाची ओघवती भाषा कामाला येत नाही. पुस्तकातले पाण्याचे टाके सांगितल्या जागी आहे का, वाट कुठे फुटते, उतरायला किती वेळ धरावा, एवढे तपासले की परीक्षण झाले. आनंद पाळंद्यांच्या ‘डोंगरयात्रा’वर पिढ्यांनी भरवसा ठेवला तो पाठपिशवीत घालून नेल्यावर, तिच्या शैलीवर भाळून नव्हे.

पुस्तकांची एक जातच अशी आहे की ती वाचून संपत नाहीत, करून पाहावी लागतात. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ 1970 साली आली आणि वाटी-चमच्याच्या मापांमुळे घराघरांत टिकली. ती मापे बरोबर आहेत की नाहीत हे गॅसपाशी उभे राहिल्याशिवाय कोणता समीक्षक सांगणार? या जातीतले आजचे सर्वांत नवे अपत्य म्हणजे मुंबई-पुण्यातली तरुण मंडळी टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळतात त्या भूमिका-खेळांची पुस्तके. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणला. या पुस्तकांच्या परीक्षणाबद्दलही वाद आहे. वादाचा मुद्दा आपल्यालाही लागू पडतो : न खेळता लिहिलेल्या परीक्षणाला परीक्षण म्हणावे का? गायगॅक्सचेच ‘टूम ऑफ हॉरर्स’ घ्या. 1975 च्या एका स्पर्धेसाठी रचलेले आणि 1978 मध्ये छापून आलेले हे साहस, म्हणजे या खेळासाठीचे तयार कथानक. आरामखुर्चीत वाचताना त्यातल्या सापळ्यांच्या कल्पकतेला दाद द्यावीशी वाटते. खेळायला बसलात, तर जिवापाड जपलेली पात्रे एका चुकीच्या दारापाशी पटापट मरतात आणि टेबलावरचे चेहरे उतरतात. वाचकाचा अनुभव खरा, खेळणाऱ्याचाही खरा. पण दुकानात पैसे मोजणारा खेळायला घेतो आहे, हे परीक्षकाने विसरायचे का?

त्या जगातही हितसंबंधांचा घोळ आहेच. ब्रिटनमध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आयात करून विकणारी गेम्स वर्कशॉप हीच कंपनी 1977 पासून ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिक काढी आणि त्यात खेळांना दहापैकी गुण देई. आपल्याला याचे नवल वाटायला नको. ‘ललित’ मासिक 1964 मध्ये केशवराव कोठावळ्यांनी सुरू केले, मॅजेस्टिक प्रकाशनाच्याच घरात. ‘मेहता मराठी ग्रंथजगत’ मेहतांचे, ‘ग्रंथवेध’ राजहंसचा, ‘रुची’ ग्रंथालीची. यात लपवलेले काही नाही, म्हणून माझी तक्रारही नाही. उलट त्याच ‘ललित’मध्ये जयवंत दळव्यांनी ठणठणपाळ होऊन भल्याभल्या लेखकांची टोपी उडवली, वसंत सरवट्यांच्या रेषांसकट. मालकी उघड असली की वाचक आपले गणित मांडतो. कोणाचेही नसल्याचा आव आणणाऱ्या पानावर ते मांडता येत नाही.

वस्तुनिष्ठतेचा जप करणाऱ्यांना मी हेच विचारतो : तुमच्या आवडत्या समीक्षकांपैकी वस्तुनिष्ठ कोण होता? ‘टीकास्वयंवर’मधले नेमाडे? त्यांचा राग-लोभ पानापानावर दिसतो, आणि दिसतो म्हणूनच त्यांच्याशी भांडता येते. (त्यांच्या अनुयायांकडे फक्त राग आला.) माधव मनोहर नाटक बघायला जात ते मूळ परदेशी नाटक डोक्यात घेऊन, आणि उचलेगिरी नावगावासकट सांगत. म. वा. धोंडांनी ‘ज्ञानेश्वरीतील लौकिक सृष्टी’ लिहिताना ओव्यांतली वस्तू, व्यवहार, चालीरीती प्रत्यक्षात कशा होत्या याचा पिच्छा पुरवला. तिघेही आपापल्या मतांचे पक्के, पण मत देण्याआधी अंगमेहनत केलेले. निष्पक्षपणाची मला कळणारी व्याख्या एवढीच आहे. मन कोरे असलेला माणूस समीक्षेला लागतच नाही.

विद्यापीठीय चर्चासत्रांतल्या निबंधांबद्दल बोलत नाही. ते वाचण्यासाठी लिहिलेले नसतात. पुस्तक कॅमेऱ्यापुढे धरून पाने फडफडवणाऱ्या रीळवाल्यांबद्दलही नाही. ते निदान पुस्तक धरतात तरी.

कोणी म्हणेल, मराठीचे जग लहान. सगळेच एकमेकांना ओळखतात, दूरचा परीक्षक आणायचा कुठून? मग निनावी छापा, असाही सल्ला येतो. लंडनच्या ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’ने दशकानुदशके तेच केले आणि 1974 मध्ये सोडून दिले. नाव झाकल्याने संबंध तुटत नाहीत, फक्त पकडता येत नाहीत. जग लहान असणे हा ओळख लपवण्याचा परवाना कसा होतो? आमच्याकडे बदलापुरात श्याम जोशींनी ‘ग्रंथसखा’ वाचनालय उभे केले आहे. एखाद्या दुपारी तिथे बसावे आणि एकच नाव एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत, दुसऱ्याच्या अर्पणपत्रिकेत, तिसऱ्याच्या ऋणनिर्देशात शोधावे. मराठी साहित्याचे सोयरसंबंध छापीलच आहेत. मग परीक्षणाखालीच ते लिहायला लाज कसली?

संपादकांनी परीक्षणाखाली दोन ओळी राखून ठेवाव्यात. प्रत विकत घेतली की अभिप्रायार्थ आली. लेखकाशी, प्रकाशकाशी नाते काय. करून पाहायचे पुस्तक असेल तर तिसरी ओळ : काय केले, किती वेळा, कोणाबरोबर. नसेल केले, तर ‘साभार पोच’ हे सदर आहेच, तिथे नाव छापा आणि मोकळे व्हा. आणि ज्याने मलपृष्ठावर पाठराखण लिहिली, त्याच्याकडेच ते पुस्तक परीक्षणाला धाडायचे आता तरी थांबवा.