अदृश्य वायूचे वजन

ऑस्ट्रेलियात १ जुलै २०१२ रोजी कार्बनवर किंमत लागू झाली आणि जुलै २०१४ मध्ये ती रद्दही झाली. त्या वेळचा राजकीय वाद आम्ही पुन्हा चाळला. एवढ्या गाजलेल्या वादात विज्ञान किती थोडे होते!

विरोधी पक्षनेते टोनी ॲबट यांनी २०१३ मध्ये थट्टा केली की, हा न दिसणारा पदार्थ कोणालाही न पोचवण्याचा बाजार आहे. वाक्य टाळ्यांचे आहे. पण न दिसणाऱ्या वायूला वजन असते हे आपला सातवीतला विद्यार्थीही जाणतो. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलो, आणि ते जळल्यावर कार्बन डाय-ऑक्साइड निघतो सुमारे २.३ किलो. जास्तीचे वजन हवेतल्या ऑक्सिजनचे. (हा हिशेब फळ्यावर जरूर मांडावा, मुलांना आधी पटत नाही.) गंमत म्हणजे घरगुती मोटारींचे पेट्रोल या योजनेतून वगळलेलेच होते.

सरकार पक्षाचीही भाषा ढिली. टनाला २३ डॉलर हा दर कार्बनचा नव्हे, कार्बन डाय-ऑक्साइडचा. १२ भाग कार्बनपासून ४४ भाग वायू होतो, म्हणजे शुद्ध कार्बनचा दर टनाला ८४ डॉलर पडतो. पण वाद अडकला तो 'कर' की 'किंमत' यातच, कारण २०१० च्या निवडणुकीपूर्वी पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी असा कर आणणार नाही असे सांगितले होते. त्या दोन वर्षांत वीजनिर्मितीतले उत्सर्जन घटले. समर्थक त्याचे सारे श्रेय किमतीला देतात; जलविद्युत वाढली होती आणि विजेची मागणी घटली होती, हे सांगत नाहीत.

आम्हांला खरी शंका आहे ती उद्दिष्टांच्या आधारवर्षाबद्दल. क्योटो करारात (१९९७) ऑस्ट्रेलियाला १९९० च्या तुलनेत ८ टक्के वाढीची मुभा मिळाली, शिवाय जंगलतोडीचे उत्सर्जन १९९० च्या आकड्यात धरण्याची सवलतही. तोड तोवर बरीच कमी झालेली होती, म्हणजे काही न करताच घट पदरात! पुढे २०२० साठी २००० हे वर्ष धरले, २०३० साठी २००५. २०२२ च्या कायद्यातले ४३ टक्केही २००५ च्याच तुलनेत आहेत. प्रगतिपुस्तकात मागील गुणांचा रकाना दर वेळी बदलणाऱ्या विद्यार्थ्याला आपण काय विचारू?