सात साते एकोणपन्नास

मराठी पाढ्यातली कुठलीही एक ओळ मोठ्याने म्हणून पाहावी. सात साते एकोणपन्नास. गुणाकाराची खूण नाही, ‘बरोबर’ नाही, क्रियापदसुद्धा नाही. ज्याचा पाढा तो अंक, किती पट ते आणि उत्तर, एवढी तीनच पदे. जॉन स्वेलर या ऑस्ट्रेलियन मानसशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात एक गोष्ट आग्रहाने मांडली: शिकणाऱ्याच्या मनात एका वेळी फार थोडे मावते, म्हणून शिकवण्याच्या मांडणीत विषयाबाहेरचे ओझे ठेवू नये. पाढ्याच्या ओळीत असे ओझे शोधूनही सापडत नाही.

आता त्या दोन सातांकडे पाहू. पहिला ‘सात’, दुसरा ‘साते’. किंमत एकच, काम वेगळे, आणि ते काम कानाला लगेच कळते. एके, दुणे, त्रिक, चोक, पाचे, सक, साते, आठे, नवे, दाहे ही रूपे फक्त ‘पट’ सांगण्यासाठी राखून ठेवलेली आहेत. (कुठे पंचे म्हणतात, कुठे सख, प्रत्येक घराचा आपापला पाठ.) पाढे लक्षात ठेवण्यातली खरी अडचण विसरण्याइतकीच सरमिसळीची असते. सहा नवे चोपन्न आणि सात आठे छप्पन्न एकमेकांच्या जागी घुसतात, कारण त्याच दहा अंकांची पुन्हापुन्हा अदलाबदल चाललेली असते. अशा दाटीत निदान कोण कुणाची पट घेतो आहे याचा गोंधळ भाषेनेच मिटवून टाकला आहे. दोनाचा पाढा तर ‘दोन’ही सोडून ‘बे’ म्हणत सुरू होतो.

लांबीही पाहण्यासारखी आहे. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी 1974 मध्ये कार्यकारी स्मृतीचा जो आराखडा मांडला, त्यात ऐकलेले शब्द घोळवणारा एक भाग आहे. साधारण दोन सेकंदांत म्हणून होईल तेवढेच त्याला पेलते, असे पुढच्या प्रयोगांत दिसले. पाढ्याची ओळ त्या मापात आरामात बसते. उत्तर उच्चारले जाते तेव्हा प्रश्न अजून कानात ताजा असतो, आणि दोन्ही एकत्र मुरतात.

मला सर्वांत आवडतो तो मधला ठेका. एके, दुणे ही दोन्ही ‘ए’वर लांबतात. मग त्रिक, चोक हे दोन तुटक ठोके. पाचे पुन्हा लांबते, सक पुन्हा तुटते. कुठलीही यादी पाठ करताना आरंभ आणि शेवट टिकतो, मधले निसटते, हा स्मृतीच्या अभ्यासातला जुना निष्कर्ष आहे. पाढ्याचा नाद मात्र नेमका मध्यावर सर्वाधिक बदलतो. हे कुणी ठरवून केले असे म्हणता येणार नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडात घासून ते तसे झाले असावे. साते, आठे, नवे हा टप्पा मात्र एकाच सुरात धावतो, आणि मुले अडखळतात तीही बहुधा तिथेच. रचनेतला हा कच्चा भाग आहे, तो मान्य करायला हवा.

पाढा साखळीने चालतो, त्यामुळे ‘सात आठे’ला पोचायला काही मुले ‘सात एके’पासून निघतात. जुन्या शिक्षकांकडे त्यावर उपाय होता: मधूनच विचारणे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी 2006 मध्ये दाखवले, की मजकूर पुन्हा वाचण्यापेक्षा तो आठवून पाहिल्याने दीर्घकाळ टिकतो. दिवेलागणीच्या परवच्यात पाढे रोज म्हटले जात. मधूनच विचारण्याने ते आठवून काढावे लागत. एक दुसऱ्यावाचून अपुरे. नुसता परवचा करून घेऊन जे थांबले, त्यांनी मुलांना लय दिली, पण अंक हवा तेव्हा हाती येईल याची सोय केली नाही.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘सत्तावीस’सोबत ‘वीस सात’ असे संख्यावाचन आले आणि मोठा वाद झाला. गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचा मुद्दा मला पटतो. आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. त्यात जोडाक्षरांची भर. संख्या लिहायला शिकणाऱ्या मुलासाठी ‘वीस सात’ ही मोकळी वाट आहे. पण तेच पाढ्यात घालून पाहा: सात आठे पन्नास सहा. ओळ लांबते, उत्तराचे दोन तुकडे होतात आणि शेवटी एक उपरा ‘सहा’ कानात उरतो, ज्याचा त्या गुणाकाराशी संबंध नाही. ‘छप्पन्न’ एका घासात येते. स्थानिक किंमत शिकताना जे नाव आडवे येते, तेच पाठांतरात आधार देते. पुस्तक लिहिणाऱ्याने दोन्ही वाचने ठेवावीत आणि कुठले कधी वापरायचे हे त्या तासाच्या कामावरून ठरवावे.