पेयजलातील आर्सेनिक-परीक्षण : एक चिकित्सा

प्रस्तावना :
पेयजलातील रासायनिक प्रदूषके शोधणारी पद्धत किती सूक्ष्म प्रमाण मोजते, या निकषावरच बहुधा तिचे मूल्यमापन केले जाते. हा निकष आवश्यक असला तरी पुरेसा नाही, हे बांगलादेशातील आर्सेनिकच्या प्रश्नावरून स्पष्ट होते.

विवेचन :
जंतुयुक्त तळ्यांच्या पाण्याला पर्याय म्हणून तेथे लक्षावधी नलकूप खोदण्यात आले. १९९२ मध्ये ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने त्या भूजलाचे पृथक्करण केले. मात्र तपासलेल्या घटकांत आर्सेनिक नव्हते. वस्तुतः शेजारच्या पश्चिम बंगालमध्ये आर्सेनिकबाधित रुग्ण १९८३ पासून आढळत होते. म्हणजे येथे उणीव उपकरणाची नव्हती, प्रश्नाची होती. पुढे १९९८-९९ च्या सर्वेक्षणात ३,५३४ कूपांपैकी २५ टक्के कूपांत प्रतिलिटर ५० मायक्रोग्रॅम या राष्ट्रीय मर्यादेपेक्षा अधिक आर्सेनिक आढळले.

प्रत्येक कूपाचे पाणी प्रयोगशाळेत नेणे अशक्य असल्याने क्षेत्रीय परीक्षण-संचांचा अवलंब झाला. जस्त व आम्ल यांच्या क्रियेने पाण्यातील आर्सेनिकचा आर्साइन वायू बनतो आणि मर्क्युरिक ब्रोमाइडचा कागद पिवळा ते तपकिरी होतो. रंगाची छटा डोळ्यांनी ठरवून कूप हिरवा वा लाल रंगविला जाई. जादवपूर विद्यापीठातील संशोधकांनी २००२ मध्ये अशा संचांचे निष्कर्ष प्रयोगशाळेशी ताडून पाहिले, तेव्हा दूषित पाणी सुरक्षित ठरण्याचे प्रमाण ६८ टक्क्यांपर्यंत आढळले. याउलट २००५ मधील अभ्यासात दुसऱ्या संचाने ७९९ पैकी ८८ टक्के कूपांचे योग्य वर्गीकरण केले. क्रियेचा अवधी २० वरून ४० मिनिटे करावा, अशी शिफारसही त्यात होती.

हे दोन अभ्यास परस्परविरोधी वाटले, तरी एकत्र वाचल्यास ते परस्परपूरक ठरतात. रसायनाइतकेच महत्त्व संचाची निवड, अवधी व हाताळणी यांना आहे. तथापि ८८ टक्के हा आकडाही समाधानकारक मानता येत नाही. सुरक्षित कूप लाल ठरल्यास कुटुंबाची पायपीट वाढते; दूषित कूप हिरवा ठरल्यास ते कुटुंब निःशंकपणे विष पीत राहते. या दोन चुका एकाच टक्केवारीत मिसळणे शास्त्रीय दृष्ट्या सोयीचे असले, तरी न्याय्य नाही.

निष्कर्ष :
नवीन पद्धत विकसित करताना शोधमर्यादेबरोबरच दूषित पाणी सुरक्षित ठरण्याचे प्रमाण स्वतंत्रपणे नोंदविणे, ठराविक नमुन्यांची प्रयोगशाळेत फेरतपासणी करणे आणि तपासावयाच्या घटकांची यादी परिसरातील आजारांच्या नोंदींशी पडताळून पाहणे अगत्याचे आहे.