क्लेम्पररच्या डायरीतली मोटार

व्हिक्टर क्लेम्पररच्या डायरीबद्दल एक तक्रार असते: घर, कर्ज, मोटार यांतच हा माणूस अडकलेला. आम्हाला ती पटत नाही. बघा, एप्रिल 1933 च्या कायद्यानं ज्यू सरकारी नोकर काढले; पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेला म्हणून हा ड्रेस्डेनचा प्राध्यापक तेवढा वाचला. 1934 मध्ये त्यानं घर बांधलं. 1935 मध्ये नोकरी गेली, पाठोपाठ न्यूरेंबर्गचे कायदे आले. आणि 1936 मध्ये हा गृहस्थ मोटार घेतो! तीही पन्नाशी उलटल्यावर शिकून.

इतिहासाच्या पुस्तकात हे कायदे एकाखाली एक छापलेले असतात, म्हणून पुढचा आपल्याला आधीच दिसतो. त्याला दिसत नव्हता. प्रत्येक हुकमानंतर उरलेल्या जागेत तो संसार मांडत होता. व्हिसा, पैसा हे अडथळे होतेच. पण मोटारीची पानं गाळली, तर माणसं थांबली का हे कळणार कसं?

नोव्हेंबर 1938 च्या हल्ल्यांनंतर, डिसेंबरात, मोटारीचा परवाना गेला. ग्रंथालयही बंद झालं. अठराव्या शतकातल्या फ्रेंच साहित्याचा इतिहास अर्धा राहिला. मग त्यानं आत्मचरित्र लिहायला घेतलं. त्याला ग्रंथालय लागत नव्हतं.