शेवटल्याचें बक्षीस

शर्यतींत पहिल्या आलेल्याचें कौतुक करण्यास फारशी बुद्धि लागत नाहीं, आणि म्हणूनच कीं काय, जगाच्या वाङ्मयांत तें इतकें विपुल झालें आहे. शेवटल्याविषयीं लिहूं लागलें म्हणजे मात्र भल्याभल्यांची लेखणी अडखळते. कोणी त्याला हंसतो, कोणी त्याच्यासाठीं डोळे पुसतो, आणि अलीकडे तर त्याच्या पराभवांतून तरुणांस उपदेश काढून देणारा एक तिसराच वर्ग उदयास आला आहे. परंतु ज्या शर्यतींत शेवटचा क्रमांक हाच मुळीं जिंकावयाचा असतो, तिच्यापुढें हे तिघेही सारखेच निरुपाय होतात. असा प्रकार असतो काय, असें वाचक विचारतील. असतो, आणि त्याची आठवण आम्हांस गेल्या हिवाळ्यांत येथें भिवंडीस झाली, ती एका अगदीं क्षुल्लक प्रसंगानें.

एका शिक्षणसंस्थेच्या क्रीडामहोत्सवांत सायकल सावकाश चालविण्याच्या शर्यतीचे पंच म्हणून आम्हांस उभें करण्यांत आलें. ही शर्यत पाहिली नाहीं असा मनुष्य महाराष्ट्रांत विरळा. चुन्याच्या रेघा आंखाव्या, पाय जमिनीस टेकूं नये, आंखलेली वाट सोडूं नये, आणि सर्वांच्या मागून जो पोंचेल तो पहिला, इतकाच नियम. ज्या गांवांत मागाचा धोटा रात्रंदिवस धांवतो आणि विणकराची मजुरी कापडाच्या लांबीवर मोजली जाते, तेथें सावकाशपणास बक्षीस मिळावें यांत थोडी गंमत आहे खरी. (अंजूरफाट्यापासून कशेळीच्या पुलापर्यंतचा रस्ता ही कला सर्वांसच फुकट शिकवितो, तो भाग निराळा.) एकेक मुलगा पाय टेकून बाद झाला आणि शेवटीं दोघे उरले. दोघांचींही पुढचीं चाकें नुसतीं थरथरत होतीं. वीतभरही कोणी पुढें सरकेना. इतक्यांत प्रमुख पाहुण्यांस मुंबईस परतावयाचें आहे असा निरोप आला. आम्हीं घड्याळाकडे पाहिलें, शिटी वाजविली आणि दोघांस बरोबरीचें बक्षीस जाहीर केलें. दोघांपैकीं एक मुलगा आमच्याजवळ येऊन, राग न दाखवितां, इतकेंच म्हणाला, “सर, तो पाय टेकणारच होता.” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. घरीं परततांना मनांत आली ती इटलींतील १९४९ सालची शर्यत.

‘जिरो द’इतालिया’ ही धंदेवाईक सायकलस्वारांची शर्यत, युद्धाचीं वर्षें वगळतां, १९०९ पासून चालत आली आहे. ती एका दिवसाची नव्हे. सुमारें तीन आठवडे टप्प्याटप्प्यानें सारा देश ओलांडावयाचा, आणि सर्व टप्प्यांच्या वेळांची बेरीज ज्याची सर्वांत कमी तो विजेता. आघाडीवर असलेल्यास १९३१ पासून गुलाबी जर्सी मिळते, कारण शर्यत भरविणारें वृत्तपत्र गुलाबी कागदावर निघतें. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्यें, या गुलाबीच्या जोडीस एक काळी जर्सी आली. बेरीज ज्याची सर्वांत अधिक त्याला ती, आणि तिच्याबरोबर रोख रक्कमही. १९५१ नंतर ही प्रथा बंद पडली. म्हणजे तिचें आयुष्य उणेंपुरें सहा वर्षांचें. पण एवढ्या अवधींत तिनें एक खरा नायक निर्माण केला. त्याचें नांव लुइजी मालाब्रोका.

१९४६ आणि १९४७ या दोन्ही वर्षीं काळी जर्सी त्यानें मिळविली. युद्धानें मोडलेल्या त्या देशांत पंधराव्या किंवा विसाव्या येणाऱ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. शेवटच्यास मात्र पैसे मिळत आणि रस्त्याकडेचे लोक खाण्यापिण्याच्या वस्तु प्रेमानें हातीं देत. मालाब्रोकानें हा हिशेब ओळखला. तो गुत्त्यांत जाऊन बसे, कुंपणाआड आणि गोठ्यांत लपे, स्वतःच्या चाकांतील हवा स्वतःच घालवी. एकदां तो विहिरीसारख्या एका कोरड्या टाक्यांत दडून बसला असतां शेतकऱ्यानें “येथें काय करतोस?” म्हणून विचारलें, तेव्हां आपण इटलीची शर्यत धांवत आहों, असें त्यानें सांगितल्याची आख्यायिका आहे. १९४९ मध्यें त्याला जोडीदार भेटला तो सांते कारोलो नांवाचा, व्हिचेन्झाकडील एक गवंडी. आतां दोघांमध्यें मागें राहण्याची चढाओढ लागली. शेवटच्या टप्प्यांत कारोलोस मागें टाकावयाचें, म्हणजे त्याच्याही मागें राहावयाचें, असा निश्चय करून मालाब्रोका वाटेंत मनसोक्त रमतगमत राहिला. तो माँझास पोंचला तेव्हां वेळ मोजणारे पंच कंटाळून निघून गेले होते. त्यांनीं त्याच्या नांवापुढें मोठ्या घोळक्याचीच वेळ मांडून ठेविली होती! काळी जर्सी कारोलोस गेली. पहिल्या आलेल्या फाउस्तो कोप्पीच्या मागें तो सुमारें दहा तास होता.

ही कथा सांगणाऱ्यांचा आम्हांस जो राग येतो तो असा, कीं ते तिला एक तर चुटका करतात, नाहीं तर सुभाषित. चुटका करणाऱ्यांस मालाब्रोका हा आळशी विदूषक वाटतो. तसें मानण्यास पुरावा उलटच आहे. चिखलांतून आणि माळरानांतून सायकल पळविण्याच्या प्रकारांत तो पुढें १९५१ आणि १९५३ मध्यें इटलीचा विजेता ठरला. ज्याला धांवतां येतें तोच असा मागें राहूं शकतो. आमच्या तमाशांतील सोंगाड्याकडे पाहावें. त्याच्या धडपडण्यास प्रेक्षक हंसतात, परंतु दुसऱ्या कोणास तसें धडपडतां येत नाहीं; आणि फडांत बिदागी ठरवितांना मालकास हें चांगलें ठाऊक असतें. दुसरा वर्ग सुभाषितकारांचा. ‘हरण्यांतही जिंकणें असतें’ असें म्हणून ते मालाब्रोकास साधु बनवितात. त्याला साधुत्व नको होतें. त्याला घर चालवावयाचें होतें. बक्षिसाचा आंकडा कथेंतून काढून टाकला, कीं उरतो तो गोड पण पोकळ असा एक दृष्टान्त, आणि अशा दृष्टान्तांनीं आमचीं क्रमिक पुस्तकें अगोदरच भरलीं आहेत.

वस्तुतः या कथेचें सारें नाट्य एका नियमांत आहे, आणि तो नियमच बहुतेक कथनकार गाळतात. प्रत्येक टप्प्यास वेळेची मर्यादा असते. विजेत्याच्या वेळेहून ठराविक प्रमाणापेक्षां अधिक वेळ लागला, तर सायकलस्वार शर्यतींतून बाद. तेव्हां शेवटच्या क्रमांकाचा उमेदवार दोन कड्यांच्या मधून चालत असतो. उशीर थोडा कमी झाला तर जर्सी दुसऱ्यास, आणि थोडा अधिक झाला तर घरची वाट. पहिल्यास फक्त वेगानें जावयाचें असतें. याला मात्र आपण किती सावकाश जावें हें, अजून न आलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या आणि केव्हांच गेलेल्या विजेत्याच्या चालीवरून, मनांतल्या मनांत ताडावें लागतें. न. चिं. केळकर यांनीं वाङ्मयानंदाची जी ‘सविकल्प समाधि’ म्हणून उपपत्ति सांगितली, तिला याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण. त्या टाक्यांत मालाब्रोकाबरोबर आपणही दडून बसतों, आणि त्याच वेळीं रस्त्यावर चाललेलें पंचांचें घड्याळही आपणांस ऐकूं येत असतें.

फ्रान्समधील ‘टूर द फ्रान्स’ या शर्यतींत शेवटच्यास ‘लाल कंदील’ म्हणतात. आगगाडीच्या शेवटच्या डब्यास जो तांबडा दिवा असतो त्यावरून. तेथें १९७९ सालीं जें घडलें त्याची नोंद नुसत्या आंकड्यांत केली तरी तें शोकान्त नाटक होतें. ऑस्ट्रियाचा गेरहार्ड शोनबाखर आणि आदल्या वर्षीं लाल कंदील मिळविलेला फ्रेंच फिलिप तेनिएर हे दोघे तळाशीं होते, आणि त्यांच्यांतील अंतर अगदीं थोडें होतें. दिजों येथील टप्प्यांत प्रत्येकानें एकेकट्यानें घड्याळाविरुद्ध धांवावयाचें होतें. विजेत्या बर्नार इनोस १ तास ८ मिनिटें ५३ सेकंद लागले. त्यावर शेंकडा वीसची सवलत धरतां मर्यादा जवळजवळ १ तास २२ मिनिटें ४० सेकंदांवर येते. शोनबाखर १ तास २१ मिनिटें ५२ सेकंदांनीं आला आणि तरला. तेनिएर १ तास २३ मिनिटें ३२ सेकंदांनीं आला, आणि अवघ्या ५२ सेकंदांसाठीं तीन आठवड्यांची मेहनत गमावून शर्यतींतूनच गेला. पुढच्या वर्षीं चालक फेलिक्स लेव्हितां यांनीं हा थिल्लरपणा बंद करण्यासाठीं ठराविक टप्प्यांनंतर तळाच्या स्वारास बादच करण्याचा नियम केला. त्यामुळें शेवटच्या क्रमांकाचा खेळ सोपा झाला नाहीं, अधिक अवघड झाला. आणि शोनबाखरनें तरीही पुन्हां लाल कंदील मिळविला. नियम करणारांस विनोदबुद्धि नसली म्हणजे विनोदाचा दर्जा आपोआप वाढतो, असें आम्हांस येथें म्हणावेंसें वाटतें.

१९४९ च्या इटालियन शर्यतीस एक मोठा साहित्यिक वार्ताहर लाभला होता, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. ‘कोरिएरे देल्ला सेरा’ या पत्रानें दीनो बुत्साती या कादंबरीकारास शर्यतीबरोबर पाठविलें होतें. त्याचीं तीं वार्तापत्रें त्याच्या मरणानंतर, १९८१ मध्यें, पुस्तकरूपानें निघालीं. त्यांतील सर्वांत गाजलेला भाग १० जूनच्या कूनेओ ते पिनेरोलो या टप्प्याचा. त्या दिवशीं कोप्पी पर्वतांतून एकटा निघून गेला आणि जीनो बार्ताली मागें पडला. तेव्हां बुत्सातीस हेक्टरला मारणाऱ्या अकिलीजची आठवण झाली. उपमा भव्य आहे आणि बार्तालीच्या बाबतींत ती करुणही आहे. परंतु होमरकडे जावयाचेंच होतें, तर आम्ही बुत्सातीस त्याच काव्याच्या तेविसाव्या सर्गाकडे नेलें असतें.

तेथें पॅट्रोक्लसच्या स्मरणार्थ रथांची शर्यत होते. रथ हांकण्यांत निपुण असा युमेलस, जूं मोडल्यामुळें, रथ ओढीत सर्वांच्या शेवटीं येतो. अकिलीजला वाईट वाटतें. उत्तम माणूस शेवटीं आला, म्हणून दुसरें बक्षीस त्याला द्यावें असें तो सुचवितो. सारे माना डोलवितात. मात्र दुसरा आलेला तरुण अँटिलोकस हरकत घेतो: तुला त्याची कींव येत असेल तर तुझ्या तंबूंतून त्याला काय हवें तें दे, माझें बक्षीस मी देणार नाहीं. अकिलीज हंसतो आणि युमेलसला एक चिलखत आणवून देतो. काळ्या जर्सीचा उगम आम्हांस या प्रसंगांत दिसतो. शेवटच्यास कांहीं द्यावें हें सर्वांस पटतें, मात्र तें कोणत्या नात्यानें, हा प्रश्न अँटिलोकस सोडीत नाहीं. युमेलसचें चिलखत हें गुणाचें आणि अनुकंपेचें. मालाब्रोकाची रक्कम ही मजुरीची. या दोहोंत गल्लत करणें हा युमेलसचा तसाच मालाब्रोकाचाही अपमान आहे.

आणखी एक गोष्ट. बुत्सातीची १९४० सालची कादंबरी आहे ‘तार्तारांचें वाळवंट’. तिचा नायक सरहद्दीवरील किल्ल्यांत शत्रूची वाट पाहण्यांत आयुष्य घालवितो, आणि शत्रु येतो तेव्हां आजारी पडल्यामुळें त्याला तेथून हलविण्यांत येतें. वाट पाहण्याचें असें महाकाव्य लिहिणारा लेखक ज्या शर्यतीबरोबर होता, त्याच शर्यतींत वाट न पाहणाऱ्या पंचांनीं मालाब्रोकाचा निकाल लावला! माँझाची हकीगत म्हणजे त्या कादंबरीचें प्रहसनांत झालेलें रूपांतरच म्हणावयाचें.

आतां आमच्याकडे पाहूं. मुंबई-पुणें सायकलशर्यत बोरघाट चढून जाते, आणि घाटांत जो पुढें असेल त्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. नांव किती सुंदर आणि किती आपलें! २०२६ च्या जानेवारींत पुणें जिल्ह्यांत पुणे ग्रँड टूर ही अनेक टप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यतही झाली. परंतु आमच्या वृत्तपत्रांतील शर्यतीचें वर्णन म्हणजे पहिले तिघे, बक्षिसाची रक्कम, आणि पाहुण्यांचें भाषण. घाटाच्या पायथ्याशीं कोण उतरून सायकल हातीं धरून चालूं लागला, शेवटचा स्वार किती वाजतां पोंचला, त्या वेळीं मंडपांत कोणी होतें कीं नव्हतें, हें आमचा वार्ताहर लिहीत नाहीं; कारण तोंवर तोही निघून गेलेला असतो. शेवटल्याविषयीं आमच्या वाङ्मयांत कळवळ्याची उणीव नाहीं. उणीव आहे ती नोंदीची. कळवळ्यास घड्याळ लागत नाहीं, विनोदास लागतें. मराठींत मालाब्रोका निर्माण झाला नाहीं असें नव्हे; तो झाला असेल आणि त्याची वेळ कोणीं टिपली नसेल, असें मानण्याकडे आमचा कल आहे.

हें दुसऱ्यास सांगण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. माँझाच्या पंचांवर लिहितांना आमच्या खिशांत ती शिटी होतीच. यंदाच्या क्रीडामहोत्सवाची तारीख ठरली असून सावकाश सायकलीच्या शर्यतीचें काम पुन्हां आम्हीं मागून घेतलें आहे. बक्षीससमारंभ दुसऱ्या दिवशीं ठेवावा, अशी चिठ्ठी चिटणिसांस पाठविली आहे. त्यांचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. तो मुलगा आतां वरच्या वर्गांत गेला आहे, आणि सरावासाठीं संध्याकाळीं कामवारी नदीकडील रस्त्यानें सायकल अत्यंत सावकाश नेतांना आम्हांस दोनदां दिसला.